जामच्या फाट्यावरचा अर्धा तास

रामाजी मिस्त्री लढाईच्या वेळी फौजेच्या कारखान्यात जीपगाड्यांची दुरुस्ती शिकला. परत आल्यावर त्याने जाम गावच्या फाट्यावर टिनाचं शेड टाकलं. फार बोलत नसे, आणि ड्रायव्हर लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवत असे. हाच त्याचा दोष. ड्रायव्हर किती खोटारडे असतात ते मला विचारा, मी त्यातलाच.

अठ्ठावन्नच्या वैशाखात मी एका जिनिंगवाल्या शेठची लिलावातली जुनी जीप चालवत होतो. माझी धाकटी बहीण कोकिळा समुद्रपूरला सासरी दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली होती. सुईणीने हात टेकले, तेव्हा वर्धेच्या दवाखान्यात न्यायला मी जीप काढली. मागे कोकिळा आणि तिची सासू देवकाबाई. फाटा दोन मैलांवर असताना गाडी मागून हंबरू लागली. फाट्यापर्यंत आवाज इतका वाढला, की कोकिळेचं कण्हणं ऐकू येईना.

रामाजीने मागचा आस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपला. सगळाच तापला होता.

"चाकाचं बेअरिंग असन, नाई तं गोळा," तो म्हणाला. गोळा म्हणजे आसाच्या मधला लोखंडी डबा. त्यातले दाते इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देतात; जीपच्या पुढच्या चाकांना वेगळा गोळा असतो. "गोळ्यात तेल कोणतं टाकलं?"

पंधरा दिवसांपूर्वी गिअरचं तेल कुठेच मिळालं नव्हतं. आमच्या घरी बैलगाड्या. गाडीचा आस तो आस, जीपचा आस तोही आस, असं म्हणून मी त्यात ओंगण भरलं होतं, एरंडेलात गवताची राख कालवलेलं. दहा वर्षांच्या ड्रायव्हरने हे कोणत्या तोंडाने सांगावं?

"गिअरचंच. नवीन," मी म्हणालो.

"मंग गोळ्यात काई नसन. चाक पाहू."

माझ्या शब्दावर त्याने चाक खोललं. मी पाने देत उभा राहिलो. "झालं का जी?" देवकाबाई सारखी विचारत होती. मला स्वतःची चीड आली, पण तोंड उघडेना. बेअरिंग साफ निघालं. दुसरं चाक खोललं, तेही साफ. अर्धा तास गेला.

मग त्याने गोळ्याचं बूच काढून आत बोट घातलं. काळं, खरखरीत. वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. चाकं परत बसवली, पण त्यांना गोळ्याशी जोडणारे दांडे बाहेरच ठेवले, आणि इंजिनाकडून गोळ्याकडे जाणारा लांब दांडा सोडवला.

"आता नुसत्या पुढच्या चाकांवर चालन. चाल, मी येतो संग."

कोकिळा वाचली. मुलगा पोटातच गेला होता. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काऊन इतका वेळ लागला?" देवकाबाईने विचारलं. मी काही बोलायच्या आत रामाजी म्हणाला, "माहं चुकलं बाई. गोळा सोडून चाकं खोलत बसलो."

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला.

"तुले सांगायचं असन तं सांग," तो म्हणाला. "पण तिचं लेकरू गेलं. भाऊ तरी राहू दे."

मी सांगितलं नाही. समुद्रपूरकडच्या गाड्या रामाजीकडे यायच्या बंद झाल्या. कोकिळा दर भाऊबीजेला मला ओवाळायची, आणि ओवाळता ओवाळता त्या मिस्त्रीला शिव्या द्यायची. मी मान खाली घालून ओवाळून घ्यायचो.