आम्ही चांद्याचे कॉम्प्युटर

एक यंत्र आणि तीन म्हातारे एका खोलीत ठेवले की किस्से आपोआप तयार होतात, गोळा करावे लागत नाहीत. दुपारी डबा उघडला की कुसुम एक सांगते, मी दुसरा सांगते, आणि भाजी तशीच राहते. तीन वर्षांत इतके साठले की म्हटलं, आता लिहून मोकळं व्हावं.

आधी ओळख. आमचं जंगलमोजणीचं ऑफिस. मागच्या वर्षीची झाडं घ्यायची, नवीन लावलेली मिळवायची, तोडलेली वजा करायची, आणि रानात किती झाडं उरायला हवीत ते काढायचं. मग त्यांची जाडी, उंची, घनफूट. हे काम करणाऱ्याच्या पदाचं सरकारी नाव 'कॉम्प्युटर'. म्हणजे मी कॉम्प्युटर, कुसुम कॉम्प्युटर, गोविंदराव आणि वामनराव सीनियर कॉम्प्युटर, आणि सगळ्यांच्या वर हेड कॉम्प्युटर बडेबाबू. मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की आई सरळ "मास्तरीण आहे" म्हणून सांगते!

मी नागपूरहून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. पहिल्या दिवशी बडेबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बी.एस्सी. हाये म्हणते. एकोणतीसचा पाढा म्हण बरं पोरी."

म्हटला.

"हां. येते. पण चाल नाई त्याले."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. फक्त आमच्या व्हरांड्यात एक माणूस बसायचा, त्याला हसू येत नसे. मडावी गार्ड. कुरखेड्याकडचा. आमच्या कागदाप्रमाणे त्याच्या रानात असायला हवी होती त्यापेक्षा तीनशे बारा झाडं कमी भरली होती. सागाची. "विकले असतील," असा शेरा पडला आणि मडावी सस्पेंड झाला. चौकशी पूर्ण झाली की नोकरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दर सोमवारी डोंग्यातून नदी ओलांडून, दोन बसगाड्या बदलून तो यायचा, संध्याकाळपर्यंत बसायचा, आणि जायचा.

•

आमचं यंत्र परदेशी, हिरवं, हँडल फिरवून चालणारं. भागाकार करायचा म्हणजे हँडल उलटं फिरवत वजा करत जायचं. वजा करायला काही उरलं नाही आणि तरी फिरवलं की यंत्र घंटी वाजवतं. टिंग! मग एकदा सुलटं फिरवायचं आणि पुढचा आकडा.

पण सरकारी ऑफिसात घंटी वाजली की काय होतं? शिपाई येतो! लक्ष्मणभाऊ दारात हजर. "जी!" मी म्हणायची, "काही नाही भाऊ, भागाकार आहे." तो जायचा. टिंग! "जी!" एका दुपारी तो एकोणीसदा आला. विसाव्या वेळी हात जोडून म्हणाला, "बाई, भाग जात नसन तर राहू द्या ना."

तक्रार बडेबाबूंकडे गेली. मला वाटलं, ते लक्ष्मणभाऊला समजावतील. त्यांनी लेखी हुकूम काढला: 'भागाकार फक्त दुपारी एक ते दोन, शिपायाच्या जेवणाच्या सुट्टीत करावा.'

आजही आमच्याकडे एकच्या आधी कुणी भागत नाही.

•

दसऱ्याला यंत्राची पूजा. हळद, कुंकू, आपट्याची पानं, वर मूठभर अक्षता. मी म्हटलं, "बडेबाबू, आत चाकं आहेत, तांदूळ जाईल." ते म्हणाले, "लक्ष्मी हाये ते. तुले कॉलेजात हेच शिकवलं काय, देवाले अक्षता नको टाकू म्हणून?"

तांदूळ गेला. एककाचं चाक सातावर अडकलं. पंधरा दिवस प्रत्येक उत्तराच्या शेवटी सात. झाडं सात, उंची सात, घनफूट सात. मी सांगितलं, कुसुमनं सांगितलं. कुणी ऐकलं नाही, कारण यंत्र चुकत नाही आणि पोरी चुकतात.

महिन्याभरानं नागपूरच्या वरिष्ठ ऑफिसचं पत्र आलं. आता शेकणार म्हणून मी आणि कुसुम कान देऊन बसलो. बडेबाबूंनी उभं राहून वाचलं: 'यंदाच्या आकड्यांत विशेष एकसारखेपणा आढळला. समाधान वाटते.'

•

कुठल्याही आकडेमोडीला आमच्याकडे पायऱ्यांचा कागद असतो. पायरी एक, हे घ्या. पायरी दोन, त्यात ते मिळवा. हा कागद बडेबाबूंच्या हस्ताक्षरातला, आणि त्यातलं अक्षरही कुणी गाळायचं नाही.

माझ्या लक्षात आलं, की गोविंदराव दर वेळी मध्येच उठतात, भिंतीजवळच्या कपाटाला हात लावतात आणि परत येऊन हँडल फिरवतात. वामनरावही तेच करतात. मला वाटलं, कपाटात देव असेल.

शेवटी विचारलंच. "गोविंदराव, कपाटाला हात काऊन लावता?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. पायरी अकरा: 'खिडकी लावून घ्यावी.'

कधी काळी, उन्हाळ्यात, कागद उडत होते म्हणून कुणी तरी ते लिहिलं. नंतर खिडकी बुजवली, तिथं कपाट आलं. पायरी राहिली!

"पण खिडकी नाहीच आहे!"

"म्हणून तर नुसता हात लावतो," गोविंदराव म्हणाले. "खिडकी असती तर लावली नसती काय?"

•

एका सोमवारी मडावी व्हरांड्यातून उठून माझ्या टेबलापाशी आला. पहिल्यांदाच.

"बाई, मी दोनदा मोजले. बायकोले घेऊन मोजले. प्रत्येक झाडाले चुना लावून मोजले. तेवढेच हायेत. कागद त्याहून जास्त म्हणते. मंग ते बाकीचे कुठी उभे हायेत, ते तरी सांगा मले. जाऊन मोजतो."

मी त्याच्या रानाचे मूळ आकडे काढले आणि पायऱ्यांचा कागद बाजूला ठेवून, साध्या वहीत, हातानं बेरीज-वजाबाकी केली. एक झाड कमी नाही!

ऑफिसात नियम असा, की दोघांनी वेगवेगळं काढायचं आणि उत्तरं जुळली तर बरोबर. कुसुमनं वेगळं काढलं, आमचं जुळलं. गोविंदराव आणि वामनरावांची उत्तरं वीस वर्षं जुळत आली आहेत, कारण गोविंदराव काढतात आणि वामनराव उतरवून घेतात.

बडेबाबूंनी सभा भरवली. "इकडे दोघं सीनियर एक म्हणून राह्यले, तिकडे ह्या पोरी दुसरं म्हणून राह्यल्या. आता काय करावं?"

"पुन्हा मोजावं," मी म्हटलं.

"पुन्हा काऊन? आता आपलं राज्य हाये. मतदान करू."

हात वर झाले. तीन विरुद्ध दोन. मडावीनं झाडं विकल्याचं बहुमतानं ठरलं!

व्हरांड्यातून त्यानं सगळं पाहिलं होतं. म्हणाला, "बाई, मीबी हात वर केला होता. पण मी बाहेर होतो."

•

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. वहीतलं उत्तर आणि कागदावरचं उत्तर यांत तीनशे बाराचा फरक. मडावीच्या रानात यंदा नवीन लावलेली सागाची झाडंही तीनशे बारा. बाकी कुणाच्याच रानात आजवर नवीन लागवड झालीच नव्हती.

मी पायऱ्यांचा कागद घेऊन बसले. पान एक, शेवटची ओळ, पायरी सोळा: 'नवीन लावलेली झाडं मिळवावीत.' पान उलटलं. पहिली ओळ: 'नवीन लावलेली झाडं मिळवावीत.'

बडेबाबूंना जुनी सवय आहे. पान संपलं की शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याचा धागा तुटत नाही. चांगली सवय. पण आमचे सीनियर वाचत नाहीत, करतात! ओळ दोनदा आली की दोनदा करायची. बाकी रानांत नवीन झाडं शून्य, तिथं शून्य दोनदा मिळवलं तरी कुणाचं काय जातं? मडावीच्या रानात तीनशे बारा झाडं दुसऱ्यांदा उगवली.

कागद घेऊन बडेबाबूंसमोर उभी राहिले. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. मग हळूच म्हणाले, "पोरी, पुढल्या महिन्यात मी रिटायर होऊन राह्यलो."

"आणि मडावी या महिन्यात!"

"आवाज नको चढवू."

"तुम्ही चूक झाली म्हणून लिहा, नाही तर मी आजच नागपूरला लिहिते."

"पस्तीस वर्षांत माझ्या कागदात चूक निघाली नाई."

"कारण पस्तीस वर्षांत कुणी पान उलटून पाहिलं नाही!"

गोविंदरावांनी कपाटाकडे तोंड फिरवलं. बडेबाबूंनी दौतीत टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "झाडं कागदावर चढली," ते म्हणाले. "आता उतरवाले कारण पाहिजे. चूक हे कारण नाई होत. चुकीले माणूस लागते."

आणि त्यांनी फायलीवर लिहिलं: 'तीनशे बारा झाडे वाळवीने खाल्ली. गार्डचा दोष नाही. कामावर घ्यावे.'

मी भांडणार होते. पण मडावी दारात उभा होता. त्यानं विचारलं, "बाई, नोकरी राह्यली काय?"

"राहिली."

"मंग खाऊ द्या वाळवीले."

•

दोन महिन्यांनी नागपूरहून वाळवीच्या औषधाचे चार डबे आले. सोबत पत्र: 'वाळवीग्रस्त तीनशे बारा झाडांवर तातडीने फवारणी करून संबंधित गार्डने परिणाम लेखी कळवावा.'

बडेबाबू तोवर रिटायर झाले होते. त्यांच्या खुर्चीवर गोविंदराव. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि डबे मडावीच्या स्वाधीन केले. मडावीनं ते डोंग्यातून पलीकडे नेले.

महिन्यानं तो परत आला. खाकी डगला धुतलेला, पायांत नवीन चपला. माझ्या टेबलासमोर ताठ उभा राहिला.

"बाई, रिपोर्ट लिवून द्याचा हाये. मी सांगतो, तुम्ही लिवा."

मी टाक उचलला. "सांग."

"लिवा. हुकमापरमानं औषध मारलं." तो थांबला, मी लिहिलंय का ते पाहिलं, आणि पुढं म्हणाला, "त्या तीनशे बारा झाडांपैकी आता एकालेबी वाळवी नाई."