सिंकचा तुकडा

चाकणच्या आमच्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत; ते लोखंड तपासतात. शिक्षण मात्र दगडांचं, एम.एस्सी. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्याशेजारी बसतो, याचा मला अभिमान आहे. बँकेत गेले तरी ते आधी फरशीवर हात फिरवतात. अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी दरवर्षी अर्ज करायचे. यंदा वयाची अट आडवी आली.

त्यांच्या नव्या फ्लॅटच्या ओट्यासाठी त्यांच्यासोबत दगड बघायला मोशीला मीही गेलो. वहिनींना काळा ग्रॅनाइट हवा होता. ते मात्र लाल ठिपक्यांच्या लादीपाशीच थांबले.

"डाग आहेत साहेब, काळाच घ्या," दुकानदार म्हणाला.

"डाग कुठले राव, गार्नेट आहेत. हा मूळचा चिखल. जमिनीत खोल भाजला, दाबला गेला, तेव्हा त्यातल्या लोह-अ‍ॅल्युमिनियमचे हे खडे झाले. ओडिशाचा ना? त्या काळी अंटार्क्टिका ओडिशाला चिकटून होता. याचे भाऊबंद तिकडं बर्फाखाली आहेत."

"म्हणजे मी अंटार्क्टिकावर पोळ्या लाटू?" वहिनी हसल्या.

ते हसले नाहीत. लादीच्या तुटक्या कडेवर त्यांनी तळहात टेकवला.

वहिनींनी त्या हाताकडे पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाल्या, "हीच द्या भाऊ. आणि सिंकसाठी कापाल तो तुकडा टाकू नका. यांना हवाय."