रॅम आधी की डिस्क आधी

माझा लॅपटॉप खरं तर माझा नाही, दादाचा आहे. आटगावहून गाडी पकडून दादा रोज ठाण्याला कामाला जायचा. काविळीनं तो गेला तेव्हा मागे हा एवढाच ऐवज राहिला. मी हळदीचे, लग्नांचे व्हिडिओ जोडून देतो. आमच्या भागात हळद लग्नापेक्षा मोठी, आणि रात्रभराचा तो सगळा नाच त्या म्हाताऱ्या मशीनच्या घशात कोंबायचं काम माझं. एखादी हळद उघडायला लावून मी गुरांना पाणी पाजून यायचो, तरी ते चक्र आपलं फिरतच असायचं. चिडून मी त्याला चापटही मारली आहे.

शेवटी शहापूरच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडून दाखवला. रॅमसाठी एक जागा रिकामी होती आणि डिस्क जुनी, फिरणारी. दोन्ही एकदम करणं मला झेपणारं नव्हतं. आधी काय करू, विचारलं तर मान वर न करता तो म्हणाला, आधी डिस्क. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे कणगी. ओटा कितीही वाढवा, कणगीतून भात निघायलाच तास लागत असेल तर जेवण उशिराच होणार. शिवाय ही आतून टकटक करते, म्हणजे आज ना उद्या जाणारच.

मला सगळं पटलं. तरी मी म्हणालो, आधी रॅमच टाका. माझं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार.

त्याला काय सांगणार होतो? आमच्यात दहाव्याला, जिथे माणूस गेला त्या जागी तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि शेजारी दिवा ठेवतात. सकाळी पिठावर उमटलेला ठसा बघून जीव कुठे गेला ते ओळखायचं. दादाच्या वेळी पीठ होतं तसंच राहिलं. पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. ठसा नाय म्हणजे घरातच अडकला, असं कुणीतरी पुटपुटलं ते आईनं ऐकलं. दादा गेल्यापासून बंद पडलेला लॅपटॉप मी त्याच दिवशी फडताळावर चार्जिंगला लावला होता; दिवेलागणीला तो आपोआप जागा झाला. आधी पंखा घुमला, मग कुरकुर, मग टक, टक. आईनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आला." तिनं कोरा चहा केला आणि त्याच्याजवळ नेऊन ठेवला.

मग ते रोजचंच झालं. घरी परतायच्या वेळी मशीन आपली आपण तपासणी करील, असं दादानंच लावून ठेवलं होतं. मी आईला कितीदा समजावलं. ती ऐकायची, मान हलवायची आणि चहा ठेवायची. गार झालेला चहा मी मोरीत ओतायचो. सांगायला लाज वाटते, पण कप मला दर वेळी थोडा कमीच भरलेला वाटायचा. डिस्क काढली तर आईच्या घरात संध्याकाळी येणारं कुणी उरणार नव्हतं. म्हणून रॅम.

रॅमनं थोडे दिवस बरे गेले. मग मुरबाडची एक हळद जोडताना नवरदेवाचा पिवळा हात वरच्या वर थिजला आणि आतली टकटक वाढली. टक, टक, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा टक. शेवटी शेवटी दादाचा श्वास असाच चालायचा. आई चुलीपाशी होती. ती उठून आली आणि झाकणावर तळहात ठेवून बसून राहिली.

"त्याला धाप लागलीय रे," ती म्हणाली. "किती राबवशील अजून? सोडव आता त्याला."

दुसऱ्याच दिवशी मी डिस्क बदलून आणली. आहे तसंच्या तसं नव्यात उचललंय, काय सुटलं नाय, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं आणि जुनी डिस्क कागदात गुंडाळून दिली. आईनं दादाच्या खाटेच्या जागी पीठ पसरलं, मधोमध डिस्क ठेवली, वर टोपली घातली आणि मांजर येऊ नये म्हणून टोपलीवर वरवंटा ठेवला. मला हसू आलं नाही.

सकाळी वरवंटा जागच्या जागी होता. टोपली उचलली तर डिस्कपासून दाराच्या बाजूला पाखराच्या नखांची बारीक ओळ गेलेली. मी खाली वाकून पाहिलं, बोटानं चाचपून पाहिलं. आईनं दोन्ही हात जोडले. "गेला," म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. डिस्क तिनं स्वतः भातसा नदीत सोडली. तेव्हापासून तिनं चहा ठेवलेला नाही.

लॅपटॉप आता झटक्यात उघडतो. नव्या डिस्कला आवाज नसतोच. पण दिवेलागणीला आई तुळशीपाशी असते तेव्हा फडताळावर त्याचा पडदा उजळतो. काही सुटलं नाय म्हणजे दादानं लावलेली तपासणीची वेळही नव्या डिस्कवर आलीच, हे मला कळतं. ती बंद करायला क्षणभर पुरेल. मी ती बंद केलेली नाही. अंगणात उजेड जाऊ नये म्हणून मी झाकण अर्धं लोटतो आणि आईच्या नकळत त्याच्याजवळ कोरा चहा ठेवतो.