गोणीभर बोल्ट

“सायेब, एक बी बोल्ट हरवला न्हाई,” असं म्हणत मंडपवाल्या किसनभाऊंनी गोणी फरशीवर उपडी केली. चोवीस टेबलांचे सगळे बोल्ट एकत्र झाले होते.

मी मंचरला ऑफिस इंटिरियरची कामं करतो. हल्ली जुन्या फर्निचरवर माझा भर आहे. पुण्यात एखादं ऑफिस बंद झालं की तिथली वर्कस्टेशन्स, म्हणजे सुटी करता येणारी टेबलं आणि पार्टिशनं, उचलायची, दुरुस्त करायची आणि दुसरीकडे जोडायची. चांगला माल भंगारात जात नाही. महाळुंगे पडवळच्या एका शेतकरी कंपनीच्या नव्या ऑफिससाठी मी हेच त्यांच्या गळी उतरवलं होतं. अध्यक्ष दत्तूभाऊंना खरं तर नवं कोरं हवं होतं. लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं. हे काम फसलं असतं तर तालुक्यात मला कुणी दारात उभं केलं नसतं.

चूक माझीच. टेबलांचे बोल्ट काढून ती सोडायला सुतार दोन दिवस मागत होते. किसनभाऊंची टोळी अख्खा मंडप दुपारपर्यंत उतरवते, म्हणून मी शहाणपणा करून त्यांना पाठवलं आणि स्वतः ओझरच्या साइटवर जाऊन बसलो. मंडपाचे बोल्ट एकाच मापाचे असतात. काढला की गोणीत. ते त्यांच्या रीतीने वागले, त्यांना काय बोलणार?

टेबलाचं तसं नसतं. पायांना लांब बोल्ट, पार्टिशनला दोन मधली मापं, वरच्या फळीला आखूड. पहिल्याच टेबलाला मी अंदाजाने एक पिळला. फळी फोडून टोक वर आलं. नेमके दत्तूभाऊ मागेच उभे.

“राव, मी म्हनलं व्हतं, नवंच करा.”

“भाऊ, होईल. माप घेऊन निवडतो.”

“परवा उद्घाटन हाय. उद्या सांजपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर सतरंज्या टाकू. मंग हे जाऊ द्या भंगारात आन् बोलवा सुताराला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन बसलो. अर्ध्या तासात तीस-चाळीस बोल्ट निवडून झाले. गोणीत हजारभर तरी असतील. मी हात टेकले.

शेजारच्या शेडमध्ये बायका टोमॅटोचं ग्रेडिंग, म्हणजे आकारानुसार निवड, करत होत्या. त्यातल्या सुमनताई पाणी प्यायला आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“दादा, एक एक मोजून कवा व्हायचं? प्रत्येक मापाचा एक एक नमुना द्या.”

त्यांनी ताडपत्री अंथरली, चार क्रेट मांडले, एकेका क्रेटच्या काठावर एकेक नमुना ठेवला. चौघीजणी बसल्या. गप्पा चालू, हात चालू. बोल्टकडे नीट बघतसुद्धा नव्हत्या. थोड्या वेळाने सुमनताईंनी पाचवा क्रेट मागवला.

“माप तर चारच आहेत,” मी म्हटलं.

“लांबीला सारखेच हायेत. पन ह्यांचे आटे बारीक लागत्यात हाताला. दुसऱ्यात घातले तर अडकतील.”

मी दोन बोल्ट शेजारी धरून पाहिले, आटे खरंच वेगळे होते. टेबलं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची होती, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही ध्यानात नव्हतं.

जेवणाच्या आधी गोणी रिकामी झाली. मी प्रत्येक क्रेटमधून मूठ मूठ काढून मापली, एकही चूक निघाली नाही. माझा जीव भांड्यात पडला. किसनभाऊही खरं बोलले होते, दुपारभरात माझ्या माणसांनी चोवीस टेबलं उभी केली तेव्हा एकही बोल्ट कमी पडला नाही. फुटलेली फळी मी कोपऱ्यातल्या प्रिंटरखाली लावली.

संध्याकाळी दत्तूभाऊंनी एक टेबल दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. ते हललं नाही.

“पावण्यांना जुनं हाय म्हनून सांगायचं का?” त्यांनी विचारलं.

“तुमची मर्जी, भाऊ.”

“सांगतो. लई वर्सं टिकलंय म्हनून सांगतो.”

जुनं फर्निचर जोडणारा कुणीही मिळतो, ते सोडणारा माणूस नीट निवडावा लागतो. मला हे उशिरा कळलं. आता कुठल्याही ऑफिसची टेबलं सोडायची ठरली की मी गाडी ठरवण्याआधी सुमनताईंना फोन करतो; सुटलेला बोल्ट त्या तिथल्या तिथे आपापल्या क्रेटमध्ये लावतात. त्यांना ग्रेडिंगमधून सवड नसेल, तर तारीख मी पुढे ढकलतो.