बंदर राखणारा कान

नौदलात माझं काम ऐकण्याचं होतं. बंदराच्या तोंडाशी, समुद्राच्या तळावर, पाण्यातले आवाज टिपणारी यंत्रं पसरलेली असत. त्यांची केबल किनाऱ्यावरच्या आमच्या खोलीत येई. जवळच तळाशी सुरुंग. शत्रूची पाणबुडी आली तर कळ दाबणारा अधिकारी वेगळा. पण ती कधी दाबायची, हे आमच्या कानांवर ठरायचं.

कोळंबीची चटचट, बोटींची इंजिनं हे सारं पाण्यात अखंड चालू असतं. ओळखीचा आवाज मनातून वजा करायचा, उरेल तेवढाच ऐकायचा, ही आमची रीत. त्यात मी पक्का होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एका सरावात आमचीच पाणबुडी मच्छीमार बोटीच्या आवाजाच्या आडोशाने आत शिरत होती. इंजिनाच्या ठोक्यांखाली दुसरी लय लागताच मी हाक दिली. पंचांनी पाणबुडी बुडाली असं धरलं.

निवृत्त होऊन रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या घरी आलो, तेव्हा बाबा खोकतच होते. विडीचा जुना खोकला. आठवडाभरात मी तो वजा केला.

या हिवाळ्यात एका सकाळी चहा गाळता गाळता बायको थांबली. "अहो, बाबांचा खोकला बदलला. तुम्हाले ऐकू नाही येऊन राहिलं काय?"

"रोजचाच तर आहे."

"रोजचा नाही हा. जाऊन बसा त्यायच्याजवळ."

बसलो. खोकल्याखाली श्वासाला बारीक शिट्टी होती. अंग तापलेलं. कधीपासून, ते मला सांगता येईना. मी तर भिंतीपलीकडेच झोपत होतो. लगेच त्यांना दवाखान्यात नेलं.

न्यूमोनिया निघाला. डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ, टाइम पे ले आए. पकड़ा किसने?"

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून माझ्याकडे बोट केलं. "हमारा लड़का. नेवी में पनडुब्बी पकड़ता था."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. बाबांचा चेहरा किती दिवसांनी असा फुलला होता.

"नाही बाबा," मी म्हणालो, "हिनं पकडलं. मी ऐकलंच नाही."

बाबांनी मला नीट न्याहाळलं. मग सुनेकडे वळले. "हव का? मंग इतके वर्षं तिकडे बंदर कोणं राखलं वो, सूनबाई?"

"आधी तो मास्क लावा," ती म्हणाली.