मागचा आरसा

…तर मैत्रीण जी किंचाळली, ती म्हणाली, “अगं कात्री, पण यांची तोंडं कुठं आहेत?”

काल गोष्ट इथवर आली होती. संगणकाच्या पडद्यावर ओळीनं फोटो मांडलेले, आणि एकाही फोटोत नाक नाही, डोळा नाही, मिशी नाही. नुसत्या माना आणि डोक्यांच्या मागच्या बाजू. जे काल मध्येच उठून गेले, त्यांच्यासाठी थोडं मागून घ्यायला हवं.

कात्री म्हणजे सलूनवाल्याची थोरली मुलगी. जीभ अशी चाले की बापाच्या गिऱ्हाइकांनी लहानपणीच हे नाव ठेवलं, आणि ती ते दागिन्यासारखं मिरवते. दुकान तीन खुर्च्यांचं. त्यातली एक मोडकी, वर्तमानपत्रं ठेवायला. भिंतभर आरसा, त्याखाली बाटल्या, तुरटीचा खडा, मानेला लावायची पावडर. कडेला खिळ्यावर एक गोल आरसा, मूठ तारेनं बांधलेला. तो हातात धरायचा. शाळा सुटली की कात्री दप्तर टाकून खुर्च्यांच्या मागं केस झाडायची, त्यामुळे अख्खी गल्ली तिला पाठमोरी पाठ. एकदा बँकेतले काका रस्त्यात समोरून आले, गालात हसले, आणि ही बया ठोंब्यासारखी बघत राहिली. काका पुढं गेले, मान दिसली, तशी हिनं मागून आरोळी ठोकली, “अहो काका, नमस्कार! आधी ओळखलंच नाही, तोंड होतं ना!”

हीच मुलगी पुढं संगणक शिकली, कंपनीत व्हिडिओ गेमची चित्रं काढायला लागली, आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, माझा स्वतःचा गेम करणार. गेम काय, तर सलून! खेळणारा कारागीर. गिऱ्हाईक येतं, बसतं, बोलतं. त्याच्या बोलण्यावरून ताडायचं, की हा मुलाखतीला निघालाय, का बायकोशी भांडून आलाय, का नुसताच बोलायला माणूस शोधतोय. आणि तसे केस कापायचे. मोठ्या कंपन्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजून परत पाठवलं. गेममध्ये मारामारी नाही, तर खेळणार कोण?

मग तिनं आणि मैत्रिणीनं लोकांनाच विचारलं. मैत्रीण गेमचं यंत्र चालवणारी, म्हणजे आतला सगळा प्रोग्राम तिचा. हल्ली अशी सोय आहे: गेम अजून व्हायचाय, कल्पना आवडली तर इंटरनेटवर आधीच पैसे द्या, झाल्यावर गेम तुमचा. क्राउडफंडिंग म्हणतात. आणि कात्रीनं वर वचन दिलं, की जो पैसे देईल त्याचं डोकं गेममध्ये गिऱ्हाईक म्हणून बसेल. फोटो कसा पाठवायचा त्याचा नमुना म्हणून तिनं दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकाचा, टकलेकाकांचा फोटो लावला. कुठून काढला? ती जन्मभर जिथं उभी राहिली तिथून, खुर्चीच्या मागून! लोक बिचारे आज्ञाधारक. बायकांनी नवऱ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि फोटो धाडले.

“आता आरशात काय दाखवू?” मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. “भूत?”

“गरम पाण्याची वाफ दाखव,” कात्री म्हणाली. “आरसा धुरकट. माणूस मागूनच ओळखायचा. मला नाही ओळखता येत?”

आणि गंमत बघा, तिथंच गेमला जीव आला. इंटरनेटवर धुरकट आरशाचं चित्र बघून लोक वेडे झाले. शे-दोनशे येतील म्हणून धरलं होतं, ती चार हजारांवर डोकी गोळा झाली. लेक घरभर नाचली. बाप मात्र वस्तराच पुसत राहिला.

“काय झालं, बाबा?”

“डोकं भिजवायच्या आधी पैसे घेतलेस?”

“सगळं जग असंच करतं आता.”

“जगाचं जग बघेल. अर्धी दाढी झालेला माणूस खुर्चीतून उठवता येत नाही, पोरी. तू चार हजार बसवलेस.”

बापाच्या जिभेवर तेव्हा जणू काळा तीळ होता. वर्ष सरत आलं आणि मैत्रिणीला दूर मोठी नोकरी लागली. तिचाही इलाज नव्हता, घरी आई आजारी. ती रडत गेली, आणि प्रोग्रामचं अर्धं काम जिथल्या तिथं राहिलं. कात्रीनं ते स्वतः शिकायला घेतलं. एक गाठ सोडवावी तर दुसऱ्या दोन बसाव्यात. ठरलेली तारीख गेली, दुसरीही गेली. लोकांची पत्रं यायला लागली. एकानं लिहिलं, “आमची बिनपाण्यानं केलीत की हो!” दुसरा म्हणाला, “गेम राहू द्या, माझं डोकं परत करा.” हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, कारण तिसरा सरळ चोर म्हणत होता, आणि बापाच्या दुकानावर आजवर तो शब्द कोणी उच्चारला नव्हता.

त्यातच एक पत्र होतं ट्रकवाल्याच्या बायकोचं. फोटो दारातून काढलेला. “हे सदा निघालेलेच असतात. मला यांच्या तोंडापेक्षा पाठच जास्त ओळखीची आहे. घाई नाही, पण नीट काढा.” ते पत्र कात्रीनं पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवलं होतं.

अशात एका मोठ्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत, टॉवेलांच्या ढिगाशेजारी तिचं टेबल. साहेब गोड बोलले. गेम आम्ही घेतो, माणसं देतो, पगार देतो, दोन महिन्यांत बाजारात आणतो. एकच करायचं: चार हजार डोकी काढत बसायचं नाही. डझनभर काढायची आणि तीच फिरवून सगळ्यांना वाटायची.

“पण मी प्रत्येकाला त्याचं डोकं कबूल केलंय.”

“अहो, स्वतःची टाळू कोणी पाहिलीय? कोणाला कळणार?”

खरं सांगायचं तर तिचं मन डळमळलं. कोणाचंही डळमळलं असतं. उद्या सांगते म्हणून तिनं फोन ठेवला आणि पडदा सारून दुकानात आली.

खुर्चीत टकलेकाका. डोक्यावर केस म्हणजे कानांच्या वर दोन झुबके आणि मागं एक झालर, पण दर आठवड्याला हजर. बापानं झालर सारखी केली, मानेवर पावडर मारली, मग खिळ्यावरचा आरसा काढला आणि काकांच्या डोक्यामागं धरला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. नवरदेवाला दाखवावा तसा. काकांनी गंभीरपणे मान हलवली. “वा. झकास.” मग कुठं खिशात हात घातला.

काका गेल्यावर तिनं विचारलं, “बाबा, त्यांना मागं काय दाखवता? तिथं आहे काय?”

“नाही काही, तेच दाखवतो. त्यांचं डोकं आहे, त्यांना ठाऊक नको?”

“आणि नाही दाखवलं तर?”

“तर ते पैसे देतील, हसत जातील, आणि कळणारही नाही.” बापानं आरसा पुसून खिळ्यावर टांगला. “मला कळेल की.”

एवढंच बोलला आणि पुढच्याला हाक मारली. लेकीच्या गेमबद्दल चकार शब्द नाही. साहेबांचा फोन आलाय हे त्याला माहीतच नव्हतं.

कात्री मागं गेली आणि तिनं साहेबांना नाही म्हणून कळवलं. मग बसून सगळ्या लोकांना लिहिलं. मैत्रीण का गेली, प्रोग्राम कुठं अडलाय, किती डोकी झाली, किती राहिली, काहीही झाकलं नाही. गेमचा अर्धामुर्धा तुकडाही पाठवला, गिऱ्हाईक मध्येच हवेत तरंगायचं तसाच! शेवटी लिहिलं: ज्यांना थांबायचं नाही त्यांनी सांगा, पैसे परत मिळतील.

काहींनी मागितले. ते फेडायला तिनं मोडक्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, खुर्ची दुरुस्त करून घेतली आणि सकाळी स्वतः केस कापायला उभी राहिली. बायका यायला लागल्या, पोरंसोरं यायला लागली. दुपारनंतर मागच्या खोलीत. बाकीचे लोक मात्र थांबले, उलट मदतीला आले. एका प्रोग्रामवाल्यानं लिहिलं, “तरंगतं गिऱ्हाईक मी खाली बसवून देतो, फक्त माझा भोवरा नीट काढा.” खेडेगावातल्या मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या गप्पा लिहून धाडल्या. मैत्रीणही रविवारी दुरून हात लावायला लागली.

आणि झाला की गेम! ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरानं, पण झाला. एकेक डोकं हातानं काढलेलं. शेवटी कारागिरानं खिळ्यावरून आरसा काढून गिऱ्हाइकाच्या मागं धरायचा, तेव्हाच पैसे. आरशाच्या मुठीला तारसुद्धा बांधलेली! बापानं दुकानातल्या गिऱ्हाइकांदेखत तो खेळला, पहिल्याच माणसाचा कान कापला, आणि वरून म्हणाला, “कात्रीला धार नाहीये.” पण त्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो पडदा सारून मागची खोली दाखवत होता.

ट्रकवाल्याच्या बायकोचं पत्र आलं: “यांनी स्वतःला शोधून काढलं आणि तीनदा केस कापले. पहिल्यांदाच हे पाठमोरे होते आणि तरी घरात होते.”

पुढं ते साहेबही आले, कंपनीतला मोठा माणूस असूनही स्वतः चालत, अभिनंदन करायला. बापानं त्यांना बोलू न देता खुर्चीत बसवलं. केस कापून झाले, पावडर झाली, तेव्हा साहेब म्हणाले, “एक विचारू का, ताई? डझनभर डोकी फिरवली असती तर कधीच सुटला असतात. मागचं बघतं कोण?”

कात्रीनं खिळ्यावरचा आरसा काढला आणि साहेबांच्या मागं धरला. साहेबांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली, डोळे बारीक केले. मग हळूच मानेवरून बोट फिरवत म्हणाले, “उजवीकडं किंचित जास्त राहिलंय का हो?”

“राहिलेलं नाही, साहेब, तुमचा भोवराच उजवीकडं आहे, बाबांचा हात सरळच चालतो. पण बघितलंत ना?”