दरीतला पाहुणा

कमळाबाईच्या तोंडी लागायची पाड्यावर कुणाची टाप नाही. सरपंचालासुद्धा ती चारचौघांत झापते. अशी ही बाई एका परक्या बाईसमोर मान खाली घालून बसली, म्हणजे बघा.

ती परकी बाई म्हणजे लतिकाताई. नाशिकला मास्तरीण होत्या, आता निवृत्त. गुडघे धरून घाट चढून आल्या होत्या. त्यांचे वडील हवाई दलात. बांगलादेशच्या लढाईत समुद्रावर गस्त घालून परतताना त्यांचं विमान ढगांत वाट चुकलं आणि ह्याच डोंगराला धडकलं. लष्कराची माणसं येऊन बाकीच्यांची प्रेतं घेऊन गेली. वडील तेवढे सापडले नाहीत.

"मावशी, तुम्ही तेव्हा इथंच होता ना? कुणी काही बोललं होतं का?"

बोलायचं काय, कमळाबाईला सगळंच माहीत होतं. तेव्हा ती नवी नवरी. लष्कर गेल्यावर तिचा नवरा सोमा लाकडाला दरीत उतरला, तर बांबूच्या बेटात माणूस अडकलेला. मेलेला. साधी फांदी तोडली तरी जंगलखात्याचा शिपाई फोडून काढायचा, मग ह्या मढ्यापायी काय झालं असतं? सोमानं आणि सासऱ्यानं त्याला तिथंच पुरला. घरी येऊन तिला दम भरला, ब्र काढायचा नाही. मग अकाली गेलेल्या घरच्या माणसाचं करतात तसं केलं. दगड मांडला, शेंदूर लावला. दर साली भात झोडून झालं की एक कोंबडं आणि मोहाची दारू. माणूस उपाशी नाही राहिला, म्हणजे झालं आपलं काम, असं सगळे धरून चालले. त्याची कुणीतरी वाट बघत असेल, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. सोमा गेल्यावरही कमळाबाईनं नेम मोडला नाही, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता.

"आई गेल्या पावसाळ्यात गेली," लतिकाताई म्हणाल्या. "शेवटपर्यंत कुंकू लावायची. म्हणायची, कुठंतरी कैदेत असतील, सुटून येतील."

अजूनही 'मला काय ठाव नाय' म्हणून मोकळं होता आलं असतं. सोमा नाही, सासरा नाही, कोण विचारतंय? पण त्या जन्मभराच्या कुंकवाचं ऐकल्यावर तिला स्वतःची शरम वाटली.

"चला," ती म्हणाली आणि उठली.

दरीतल्या दगडाला मागच्या हिवाळ्यातली पिसं अजून चिकटलेली होती. कमळाबाईनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. "तवा भ्यालो, ताई. पण मागून बी गपच बसले. लय लाज वाटते. कोंबडं देतो, दारू देतो. ते खात होते का, ते बी ठाव नाय."

ती वाट बघत राहिली. आता बाई चिडेल, वाट्टेल ते बोलेल. बोलावंच तिनं.

लतिकाताई दगडाशी बसल्या. एक पीस उचलून म्हणाल्या, "काय नावानं वाढता?"

"पाहुणा म्हणतो. नाव कुठं माहीत होतं."

"आमच्याकडे पितृपक्षात सगळ्यांची पानं मांडतात. बाबांचं नाही. मी एकदा विषय काढला, तर आईनं ताट भिरकावलं. जित्या माणसाचं पान मांडतेस का म्हणाली." त्यांनी दगडाला हात लावला. "आम्ही त्यांना कधी घासभर वाढलं नाही, मावशी. जे वाढलं ते तुम्ही."

आणि त्या वाकल्या, पायाला हात लावायला.

कमळाबाई झटकन मागे सरली. पाय लुगड्यात ओढून घेत ती तिथंच मातीत बसली आणि हुंदके देत म्हणाली, "नको ताई, पाया नका पडू. तुमच्या आईचा जलम आम्ही खाल्ला." शिव्या दिल्या असत्या तर तिनं मुकाट ऐकून घेतल्या असत्या. हे मात्र तिला सोसवेना.